हिचहायकिंग, लिफ्ट, कारपूल, राइड-शेअरिंग : प्रवास नेमका कोणाचा?

रस्त्याच्या कडेला उभे राहून, ओळख ना पाळख अशा वाहनचालकाला हाताने खूण करायची, तो थांबला तर त्याच्या वाटेवर जिथपर्यंत जमेल तिथपर्यंत त्याच्या गाडीतून जायचे आणि त्याबद्दल भाडे द्यायचे नाही, या रीतीला हिचहायकिंग म्हणतात. व्याख्या एवढीच आहे. पण तिच्या आसपास लिफ्ट, कारपूल, राइड-शेअरिंग, राइड-हेलिंग अशा शब्दांची इतकी दाटी झाली आहे की एकाचा अर्थ सहज दुसऱ्याला चिकटतो, आणि ॲपवरून बोलावलेल्या, पूर्ण भाडे घेणाऱ्या गाडीलाही ‘शेअरिंग’ म्हटले जाते. हा केवळ शब्दांचा घोळ असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु अपघात झाल्यास कोणता विमा लागू होतो, चालकाला कोणता परवाना लागतो आणि काही बिघडले तर प्रवाशाने दाद कोणाकडे मागायची, हे या शब्दांमागच्या फरकावर अवलंबून असते. म्हणून हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

हा गुंता सोडवण्यासाठी एक प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो. प्रवासी गाडीत बसला नसता, तरी ती गाडी त्या ठिकाणी गेलीच असती का? उत्तर होकारार्थी असेल तर प्रवास चालकाचा आहे आणि दुसरा माणूस त्यात फक्त सामील झाला आहे. उत्तर नकारार्थी असेल तर प्रवास त्या दुसऱ्या माणसाचा आहे आणि चालक त्याला सेवा विकतो आहे. पैसे किती दिले, आधी ठरवले होते की नाही, खूण हाताने केली की फोनवरून, हे प्रश्नही महत्त्वाचे आहेत, पण ते या पहिल्या प्रश्नानंतरचे.

‘हिचहायकिंग’ हा शब्द अमेरिकेत १९२० च्या दशकात रूढ झाला. त्यातल्या ‘हिच’चा अर्थ आकड्याने किंवा दोरीने अडकवणे, जोडणे असा आहे, तर ‘हाइक’ म्हणजे लांबची पायी चाल. म्हणजे या शब्दातला माणूस मुळात चालणारा आहे. तो पायी निघालेला असतो आणि वाटेत मिळेल त्या वाहनाला काही अंतरापुरता स्वतःला जोडून घेतो. दमलेल्या वाटसरूला गाडीत घेण्याची रीत घोडागाड्यांइतकीच जुनी असली पाहिजे, पण तिला स्वतंत्र नावाची गरज भासली ती मोटारी वाढल्यावर. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ मध्ये बाजारात आली आणि १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबेपर्यंत अशा दीड कोटींच्या घरात गाड्या तयार झाल्या होत्या. रस्त्यावर गाड्या पुष्कळ, त्यांतल्या बऱ्याच जागा रिकाम्या, आणि गाडी परवडत नाही अशी माणसेही पुष्कळ, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पहिल्यांदा जुळून आल्या. पुढे १९३० च्या दशकातील मंदीत कामाच्या शोधात निघालेल्या बेरोजगारांसाठी ही रीत छंदाची राहिली नाही, ती गरजेची झाली.

‘लिफ्ट’ हा शब्द याहून व्यापक आहे. लिफ्ट म्हणजे एका वेळची मदत. ती कार्यालयातला सहकारी देईल, शेजारी देईल किंवा पूर्ण अनोळखी माणूस देईल. हिचहायकिंग ही मात्र प्रवास करण्याची पद्धत आहे, आणि एका लांबच्या प्रवासात अशा अनेक लिफ्ट एकामागून एक जोडलेल्या असतात. प्रत्येक हिचहायकर लिफ्ट मागतो, पण लिफ्ट घेणारा प्रत्येक जण हिचहायकर नसतो. ब्रिटनमध्ये ज्याला लिफ्ट म्हणतात त्यालाच अमेरिकेत बहुधा ‘राइड’ म्हणतात, आणि मराठीने यातला ब्रिटिश शब्द उचलला, हे सवयीने आपल्या लक्षातही येत नाही.

हिचहायकिंगची सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे वर केलेला अंगठा. मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे साफ नकार देणे, त्यामुळे तीच खूण विनंती म्हणून केली जाते हे आपल्याला थोडे विचित्र वाटते. पण ही खूण जगभर चालतेच असे नाही. इराणमध्ये अंगठा दाखवणे परंपरेने अपमानकारक मानले जाते, त्यामुळे तिथे तळहात खाली करून हात हलवणे सुरक्षित. इस्रायलमध्ये तर्जनी रस्त्याकडे रोखून उभे राहण्याची पद्धत आहे. वेगवेगळ्या भाषांनी या रीतीला दिलेली नावे पाहिली की कोणाचे लक्ष कशाकडे गेले तेही कळते. फ्रेंच, इटालियन, पोलिश, रशियन या भाषांत ‘ऑटोस्टॉप’ किंवा त्याच्या जवळचा शब्द आहे, म्हणजे गाडी थांबवणे हे तिथे मुख्य मानले आहे. क्वेबेकमधील फ्रेंच भाषकांनी अंगठ्यावरून नाव दिले, तर स्पॅनिशच्या अनेक बोलींत नुसते ‘बोटाने जाणे’ म्हणतात. मला सर्वांत बोलके वाटते ते रोमानियन नाव ‘या-मा नेने’. त्याचा अर्थ जवळजवळ ‘अहो दादा, मला घ्या ना’ असा होतो. रस्त्यावरची विनवणी जशीच्या तशी त्या रीतीचे नाव झाली आहे.

हिचहायकिंग म्हटले की पाठीवर पिशवी टाकून भटकणारा तरुण डोळ्यांसमोर येतो, पण काही देशांत सरकारनेच या रीतीला बांधीव रूप दिले होते. पोलंडमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक अधिकृत योजना सुरू झाली. प्रवाशाने एक पुस्तिका विकत घ्यायची, तीत किलोमीटरचे कूपन असत. चालकाने जितके अंतर नेले तितक्या किलोमीटरचे कूपन त्याला फाडून द्यायचे, आणि कूपन जमवणाऱ्या चालकांना सोडतीतून बक्षिसे मिळायची. पुस्तिका घेणाऱ्याची नोंद होत असल्याने चालकालाही थोडा भरवसा वाटे. अनोळखी माणसाला गाडीत घेण्यातली मुख्य अडचण पेट्रोलच्या खर्चाची नसून विश्वासाची आहे, हे त्या योजनेने बरोबर ओळखले होते असे मला वाटते. आजची ॲप चालक आणि प्रवासी यांना एकमेकांचे गुण आणि शेरे दाखवतात, तीही याच अडचणीवरची तोड आहे.

क्यूबामधले कारण अधिक कठीण होते. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, तिथून येणारे इंधन आटले आणि सार्वजनिक वाहतूक जवळजवळ कोसळली. तेव्हा शहरांच्या वेशीवर आणि मोठ्या चौकांत पिवळ्या गणवेशातले सरकारी कर्मचारी उभे राहू लागले. त्यांना गणवेशावरून ‘आमारिओ’, म्हणजे ‘पिवळे’, असेच म्हणत. सरकारी गाडी रिकामी जात असेल तर ती थांबवून रांगेतल्या लोकांना तीत बसवणे हे त्यांचे काम होते, आणि सरकारी चालकाला थांबणे बंधनकारक होते. आता इथे पहिला प्रश्न लावून पाहा. गाडी त्या दिशेला जाणारच होती, त्यामुळे हा लिफ्टचाच प्रकार आहे. पण देणाऱ्याची इच्छा त्यातून काढून घेतलेली आहे. चालकाने स्वखुशीने थांबणे हा हिचहायकिंगच्या अर्थाचा किती मोठा भाग आहे, ते या उदाहरणातून उलट बाजूने कळते.

थोडे वेगळ्या क्षेत्रात जाऊन पाहिले तर हा मूळ अर्थ अधिक स्वच्छ दिसतो. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये जनुकशास्त्रात ‘हिचहायकिंग’ ही संज्ञा वापरली. एखादे जनुक सजीवाला फार उपयोगी ठरते आणि पिढ्यान्‌पिढ्या वेगाने पसरते. त्याच गुणसूत्रावर त्याच्या अगदी शेजारी असलेले दुसरे जनुक स्वतः काहीच उपयोगाचे नसले, तरी पहिल्याबरोबर पसरत जाते. जहाजांच्या तळाशी स्थिरतेसाठी भरलेल्या पाण्यातून शिंपले एका खंडातून दुसऱ्या खंडात पोहोचतात, त्यांनाही जीवशास्त्रज्ञ हिचहायकर म्हणतात. दोन्हीकडे तर्क एकच आहे: वाहून नेणारा आपल्या कारणाने निघालेला असतो, आणि वाहून नेला जाणारा त्याच्या गतीचा लाभ घेतो.

कारपूल या शब्दाने आपण ठरवाठरवीच्या भागात येतो. एकाच दिशेला रोज जाणाऱ्या लोकांनी आपापल्या गाड्या न काढता एकीतून जाणे, मग गाडी आळीपाळीने काढणे किंवा इंधनाचा खर्च वाटून घेणे, याला कारपूल म्हणतात. इथे माणसे बहुधा ओळखीची असतात आणि बेत आधीच ठरलेला असतो, म्हणून हे हिचहायकिंग नव्हे. पण प्रवास चालकाचाच असतो, म्हणून ही टॅक्सीही नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पेट्रोल आणि रबर यांची टंचाई होती, तेव्हा सरकारने याचा जोरदार प्रचार केला. १९४३ च्या एका सरकारी भित्तिपत्रकावर गाडी चालवणाऱ्या माणसाशेजारी हिटलरची आकृती दाखवली होती आणि एकट्याने गाडी चालवणे म्हणजे हिटलरला सोबत घेणे होय, अशा आशयाचा मजकूर होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर कारपूलला पुन्हा बळ मिळाले, आणि अमेरिकेतील काही महामार्गांवर ठरावीक संख्येइतकी किंवा तीहून अधिक माणसे असलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका राखून ठेवल्या गेल्या.

या मार्गिकांमुळे एक असा प्रकार जन्माला आला जो हिचहायकिंग आणि कारपूल यांच्या बरोबर मधोमध बसतो. वॉशिंग्टन शहराच्या परिसरात त्याला ‘स्लगिंग’ म्हणतात. सकाळी शहराकडे निघालेल्या चालकाला राखीव मार्गिकेत शिरण्यासाठी गाडीत तीन माणसे हवी असतात, म्हणून तो ठरलेल्या जागी रांगेत उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांना घेतो. त्यांना फुकट आणि जलद प्रवास मिळतो, त्याला वेळ वाचवून मिळतो. पैशांची देवघेव अजिबात होत नाही, आणि लेखी करार नसतानाही शिष्टाचार कडक आहे: चालकाने विषय काढल्याशिवाय प्रवाशाने गप्पा सुरू करायच्या नाहीत, रेडिओवर काय लावायचे ते चालक ठरवणार, आणि रांगेत एखादी स्त्री एकटी मागे राहणार असेल तर तिला तशी सोडून पुढे जायचे नाही. ‘स्लग’ या शब्दाचा एक अर्थ खोटे नाणे असा आहे. थांब्यावर उभी असलेली, पण बसमध्ये न चढणारी ही माणसे बसचालकांना खोट्या नाण्यांसारखी वाटत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बे ब्रिज ओलांडताना असाच प्रकार अनेक वर्षे चालत होता. तिथे कारपूलच्या गाड्यांना पथकर माफ होता. १ जुलै २०१० पासून त्यांना २.५० डॉलर पडू लागले, आणि लगेच प्रवाशाने त्यात वाटा द्यायचा की नाही हा प्रश्न उभा राहिला. पैशांचा एवढासा शिरकावही नात्याचे स्वरूप कसे बदलू लागतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

जाकार्तामध्ये पैसा उलट्या दिशेने वाहिला. तिथे काही मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत किमान तीन माणसे असणे सक्तीचे होते. ही अट पुरी करण्यासाठी चालक रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसांना पैसे देऊन गाडीत बसवत. त्यांना ‘जोकी’ म्हणत. कुठे जायचे आहे याच्याशी जोकीला काही कर्तव्य नसे, गाडीत बसून राहणे हेच त्याचे काम. ही अट २०१६ मध्ये रद्द झाली. जोकींमुळे ती निरुपयोगी झाली होती असा सर्वसाधारण समज होता, पण संशोधकांनी ऑनलाइन नकाशांच्या माहितीवरून मोजणी केली तेव्हा निराळेच दिसले: संध्याकाळच्या गर्दीत दर किलोमीटरमागे होणारा उशीर सुमारे २.८ मिनिटांवरून ५.३ मिनिटांपर्यंत वाढला होता. या साऱ्यात जोकी हिचहायकर मात्र कधीच नव्हता. तो हात दाखवून गाडीत बसत असला, तरी प्रवास त्याला करायचाच नव्हता.

खर्च वाटून घेण्याचा मुद्दा आता नीट पाहू, कारण गोंधळाचे मूळ तिथेच आहे. जर्मनीत ‘मिटफारत्सेंट्राले’ नावाच्या संस्था दूरच्या प्रवासाला निघालेल्या चालकांची आणि प्रवाशांची गाठ घालून देत, आणि प्रवासी इंधनाच्या खर्चाला हातभार लावत. हेच काम आज मोठ्या प्रमाणावर ‘ब्लाब्लाकार’ ही फ्रेंच कंपनी करते. ती २००६ मध्ये सुरू झाली, आणि आपण किती बोलके आहोत हे ‘ब्ला’, ‘ब्लाब्ला’ की ‘ब्लाब्लाब्ला’ अशा पायऱ्यांनी सांगायची तिथली सोय तिच्या नावातही उतरली आहे. फ्रान्सच्या कायद्यातील सहप्रवासाची व्याख्या मला अतिशय नेमकी वाटते. चालकाने स्वतःच्या कामासाठी केलेल्या प्रवासात इतरांनी सामील होणे, आणि खर्चाची वाटणी सोडून त्यात दुसरा मोबदला नसणे, अशा दोन अटी ती घालते. शंभर रुपये खर्च आला आणि चार जणांनी पंचवीस-पंचवीस दिले, तर ती वाटणी. तिघा प्रवाशांनी मिळून दीडशे दिले, तर चालकाच्या हाती नफा राहिला, आणि नफ्यासाठी माणसे वाहून नेणे हा जवळजवळ सर्वत्र परवान्याचा विषय आहे. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने केलेली वाहतूक बहुधा धरलेली नसते, म्हणून ही रेषा नकळत ओलांडणारा चालक स्वतःला आणि प्रवाशाला, दोघांनाही उघड्यावर टाकतो.

‘राइड-शेअरिंग’ हा शब्द मुळात याच वाटून केलेल्या प्रवासाचा होता. २०१० नंतरच्या वर्षांत उबर आणि लिफ्ट (Lyft) यांसारख्या कंपन्यांच्या सेवांनाही तो लावला जाऊ लागला. लिफ्ट कंपनीच्या आधीचा ‘झिमराइड’ हा उपक्रम खरोखरच सहप्रवासाचा होता आणि २०१२ मध्ये लिफ्ट सुरू झाली तेव्हा प्रवासी भाड्याऐवजी ‘देणगी’ देत, त्यामुळे शब्द कसा सरकत गेला हे समजण्यासारखे आहे. परंतु ॲपवर मागणी येताच निघणारा, प्रवाशाने सांगितलेल्या ठिकाणी जाणारा आणि मागणी आली नसती तर तिकडे फिरकलाही नसता असा चालक आपला प्रवास कोणाशी वाटून घेत नाही. तो भाडे घेऊन काम करतो. म्हणूनच असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये आपल्या लेखनसंहितेत अशा सेवांना राइड-शेअरिंग म्हणू नये असे सांगितले. कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळाच कायदेशीर प्रकार निर्माण केला होता, आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ रोजी एका खटल्यात उबरची त्यातील सेवा वाहतुकीच्या क्षेत्रात मोडते, असा निर्णय दिला. केवळ माहिती जुळवणारे व्यासपीठ हा कंपनीचा दावा तिथे टिकला नाही. या सेवांसाठी ‘राइड-हेलिंग’ हा शब्द योग्य आहे, कारण ‘हेल’ म्हणजे हाक मारून वाहन बोलावणे. एकाच दिशेचे दोन अनोळखी प्रवासी अशाच भाड्याच्या गाडीत बसवले, तर ते प्रवासी आपसांत गाडी वाटून घेत असतात. चालक तेव्हाही भाड्यानेच चालवत असतो.

सीमेवरची उदाहरणे अर्थातच आहेत. रोमानियामध्ये हिचहायकरने उतरताना बसभाड्याइतकी रक्कम चालकाला देणे पुष्कळ ठिकाणी अपेक्षित असते. रशियातल्या शहरांत हात दाखवून कोणतीही खासगी गाडी थांबवायची आणि खिडकीतूनच भाडे ठरवायचे, अशी पद्धत दीर्घकाळ होती. तो चालक घरी निघाला होता की गिऱ्हाईक शोधत होता, हे प्रवाशाला कळत नसे. अशा वेळी नाव काय द्यावे याबद्दल मतभेद होतील, पण गाडीत बसण्यापूर्वी पैशांचे स्पष्ट बोलून घ्यावे, याबद्दल होऊ नयेत.

कायद्याविषयी लोकांत दोन टोकाचे समज आढळतात: हिचहायकिंग सर्वत्र बेकायदा आहे, किंवा त्यावर कुठेच बंधन नाही. वस्तुस्थिती अशी की बंधन बहुधा कृतीपेक्षा जागेवर असते. ब्रिटनच्या मोटरवेवर आणि जर्मनीच्या आउटोबानवर पायी चालणाऱ्यांनाच मज्जाव असल्याने तिथे उभे राहता येत नाही, म्हणून हिचहायकर महामार्गाच्या प्रवेशरस्त्यापाशी किंवा पेट्रोलपंपावर थांबतात. अमेरिकेतील अनेक राज्यांचा नियम गाड्या धावतात त्या भागात उभे राहून लिफ्ट मागू नये असा आहे. कडेला उभे राहणे त्यात येत नाही, तरी काही राज्ये याहून कडक आहेत. नेदरलँड्समध्ये उलट काही ठिकाणी हिचहायकरनी उभे राहण्याच्या जागाच अंगठ्याचे चिन्ह लावून नेमून दिलेल्या आहेत.

धोक्याबद्दल बोलताना एक भेद सतत लक्षात ठेवायला हवा असे मला मनापासून वाटते. हौसेने हिचहायकिंग करणारा माणूस गाडी आवडली नाही तर नकार देऊ शकतो, दिवस मावळला तर बस पकडू शकतो. ज्याच्याकडे दुसरा मार्गच नाही त्याला ही निवड नसते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स जॉर्ज आणि प्रिन्स रूपर्ट या शहरांना जोडणारा सुमारे ७२० किलोमीटरचा महामार्ग क्रमांक १६ ‘अश्रूंचा महामार्ग’ म्हणून ओळखला जातो. या आणि जवळच्या महामार्गांवर १९६९ ते २००६ या काळात खून झालेल्या किंवा बेपत्ता झालेल्या १८ स्त्रिया आणि मुलींची प्रकरणे पोलिसांनी एका विशेष तपासात एकत्र आणली. या रस्त्याने ज्यांचा बळी घेतला त्यांत आदिवासी समाजाच्या स्त्रिया आणि मुली मोठ्या संख्येने आहेत. दवाखाना, शाळा, बाजार दूर, घरी गाडी नाही आणि बस नाही, अशा वस्त्यांतल्या मुली लिफ्ट मागत होत्या. मुलींनी इथे हिचहायकिंग करू नये असे फलक रस्त्यावर लागले, पण मग त्यांनी जायचे कसे, याचे उत्तर त्या फलकांवर नव्हते. २००६ मध्ये भरलेल्या परिषदेने या मार्गावर बससेवा सुरू करण्याची शिफारस केली. गावांना जोडणाऱ्या सरकारी बस सुरू व्हायला २०१७ साल उजाडले, आणि २०१८ मध्ये ग्रेहाउंड या खासगी कंपनीने तिथली सेवा बंद केल्यावर प्रांत सरकारने लांब पल्ल्याची वेगळी बस चालू केली. या बस सुरू झाल्या तेव्हा आठवड्यातील ठरावीक दिवशीच धावत, म्हणजे उरलेल्या दिवशी निघणे भाग असलेल्या माणसापुढे पर्याय पूर्वीचाच होता.